नदीसाठी घेतलेला ऑक्सिजन किट: तीन महिन्यांनंतर

ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये २७ वर्षं ब्युरेट धुण्यात गेली, त्यामुळे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा हा किट मागवताना फार आशा नव्हती. ऑनलाइन साडेअठराशेला पडला. पाच द्रावणं, काचेच्या बुचाची एक बाटली आणि वर टीडीएस पेन फुकट.

नदीसाठी त्या पेनाचा उपयोग शून्य. दापोडीला, पवना मुळेला मिळते तिथे, नाकाला रुमाल लावून बुडवलं तर ३४० दाखवलं. सोबत आलेले शेजारी खूश! "आमच्या बोअरला सहाशे येतो, हे तर बरं की!" पेनाला क्षार कळतात, तेही विजेच्या वहनावरून अंदाजाने. मैला कळत नाही.

खरा माल द्रावणांत. विंकलरची जुनीच पद्धत. बाटली पाण्याखाली भरून तिथेच बूच लावायचं, बुडबुडा राहता कामा नये. पहिली दोन द्रावणं पडली की तपकिरी साका बसतो. मग आम्ल, स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम ऑक्सिजन. पवनेवरच्या रावेत बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सकाळी सातला १३ थेंब लागले, म्हणजे साडेसहा. आंघोळीच्या पाण्याला किमान ५ हवा. पास.

नंतर चिंचवडला, मोरया गोसावींच्या देवळाजवळ. काठीने जलपर्णी बाजूला सारून बाटली भरली. साका पांढराच राहिला. आम्ल घातलं तर पिवळेपणा नाही, स्टार्च घातला तर निळं नाही. मोजायला थेंबच उरला नाही. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन नाही, हे पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं. नदीच्या पाण्यात पहिल्यांदा पाहिला. हात चुकला असेल म्हणून दुसरी बाटली भरली. तेच. वर जांभळी फुलं मजेत डुलत होती.

तक्रारी आहेत. माहितीपत्रक मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. उरलेल्या रसायनाचं काय करायचं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. मी कॅनमध्ये साठवतोय. आम्लाचं बूच झिरपतं, ओट्याला डाग पडल्यापासून "अहो, ते आधी बाल्कनीत न्या" हे रोजचं झालंय. पाचपैकी साडेतीन.

स्टार्चला महिन्याभरात बुरशी आली. नवा मागवू नका, भाताची पेज चालते. फक्त गाळून घ्या, आणि मीठ घालायच्या आधीची.