संगीतावर नाचणाऱ्या दिव्यांचा संच : माळा उत्तम, पॉवर सप्लाय अपुरा

यंदाच्या दिवाळीसाठी नागपुरातील सीताबर्डीच्या एका दुकानातून मी संगीताच्या तालावर चालणाऱ्या दिव्यांचा तयार संच घेतला. त्यात प्रत्येकी ५० पिक्सेलच्या, म्हणजे ५० सुट्या दिव्यांच्या चार माळा, त्यांना हुकूम देणारा ईएसपी३२ चिपवरचा कंट्रोलर आणि ५ व्होल्ट, १० अँपिअरचा पॉवर सप्लाय होता. प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असल्यामुळे दोनशेपैकी कोणताही एक दिवा हव्या त्या रंगात लावता येतो. प्रतापनगरातील आमच्या घराच्या कठड्यावर आणि गच्चीच्या कडेला माळा बांधल्यावर रंग इतके भरीव दिसले की, निव्वळ दिव्यांपुरते बोलायचे तर पैसे वसूल झाले.

दुकानात ज्याला ‘म्युझिक सिंक’ म्हटले जाते, ते मात्र कंट्रोलरवरील छोट्या मायक्रोफोनचे काम आहे. तो आवाज ऐकून दिवे लुकलुकवतो. गाणे कोणते आणि सम कुठे, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सनई सुरू असताना गल्लीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि आमचा अख्खा कठडा त्या बॉम्बला दाद देत उजळला. शेजारच्या काकूंना नेमके तेच सर्वांत आवडले.

खरा मेळ हवा असेल, तर लॅपटॉपवर एक्सलाइट्स हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन प्रत्येक ठेक्यावर खूण करावी लागते आणि कोणत्या खुणेला कोणती माळ लागेल, हे हाताने ठरवावे लागते. दिव्यांची स्थिती बदलू शकणारी एक चौकट २५ मिलिसेकंदांची धरली, तर तीन मिनिटांच्या संबळवादनाच्या ७,२०० चौकटी होतात. त्यात माझ्या पाच संध्याकाळी गेल्या. शिवाय ब्लूटूथ स्पीकरवर आवाज दिव्यांच्या मागे पडत होता, तो शेवटी स्पीकरला थेट जोडणाऱ्या साध्या ऑक्स वायरने जागेवर आला.

मुख्य तक्रार पॉवर सप्लायची आहे. असा एक दिवा पूर्ण पांढरा लावला की सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो, म्हणजे दोनशे दिव्यांना १२ अँपिअर लागतात आणि संचात दिलेले आहेत १०. परिणामी, संबळ टिपेला पोहोचून सगळे दिवे एकदम पांढरे होणार, त्याच क्षणी कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होत असे. त्याआधीही चौथी माळ पांढऱ्याऐवजी तांबूस दिसायची, कारण लांब वायरीत व्होल्टेज उतरत जाते. दुकानदाराला विचारले, तेव्हा ‘फुल पांढरे कोण लावते भाऊ, चाळीस टक्क्यांवर ठेवा न’ असे उत्तर मिळाले. सल्ला व्यवहारी आहे, चाळीस टक्के उजेडावर दिवे डोळ्यांनाही बरे वाटतात. पण तो विकतानाच द्यायला हवा होता. मी स्वतंत्र २० अँपिअरचा सप्लाय आणला आणि शेवटच्या माळेलाही त्यावरून वेगळी जाड वायर दिली, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कार्यक्रम न अडखळता पार पडला.

हा संच घ्यायचाच असेल, तर माळा आणि कंट्रोलर तेवढा घ्यावा, सप्लाय हिशेब करून वेगळा आणावा आणि तयारी दसऱ्यालाच सुरू करावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री दहानंतर आम्ही स्पीकर बंद ठेवत होतो. दिवे तेवढे तोच संबळ मुक्याने वाजवत राहायचे.