टाटा पंच आयसीएनजी आणि मारुती स्विफ्ट एस-सीएनजी: डोकं कुणी जास्त चालवलंय?

बेळगावात टाटावाले आणि मारुतीवाले असे सरळ दोन पक्ष आहेत, आणि उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की संपत नाही. तिथली निम्मी माणसं दिवसभर लेथवर नाहीतर फाउंड्रीत, त्यामुळं सनरूफ आणि टचस्क्रीन सांगून भागत नाही, आत काय केलंय ते सांगावं लागतं. घरात सीएनजी घ्यायचं चाललंय म्हणून या दोन्ही गाड्या चालवून बघितल्या, गावात, वंटमुरी घाटात आणि जांबोटीच्या रस्त्याला, तर जे कोण घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिल्यांदा डिकी. मारुती २०१० पासून कंपनी फिटेड सीएनजी विकतेय, आणि स्विफ्टमध्ये आजही तोच जुना हिशोब, एक मोठा सिलिंडर डिकीत आडवा टाकलेला, वर उरतं ते लॅपटॉपची बॅग आणि छत्री ठेवण्यापुरतं. टाटानं २०२३ मध्ये, मे महिन्यात अल्ट्रोजला आणि ऑगस्टमध्ये पंचला, ६० लिटरचा एक सिलिंडर न बसवता ३०-३० लिटरचे दोन बारीक सिलिंडर डिकीच्या फ्लोअरखाली झोपवले. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेली, वर २१० लिटर जागा राहिली. पेट्रोल पंचच्या ३६६ समोर कमीच, पण सौंदत्तीला यल्लम्माला जाताना पातेली, शेगडी, तांदळाचं पोतं आणि वर चार माणसं हे गणित पंचमध्ये बसतं, स्विफ्टमध्ये पोतं मांडीवर घ्यायचं.

आता उद्यमबागेतला आमचा एक मित्र म्हणतो, "त्यात काय एवढं ओ, एकाचे दोन केले." तसं नाही. सिलिंडरचा व्यास कमी झाला की भिंत पातळ चालते हे खरं, पण २०० बारला तेवढाच गॅस ठेवायचा तर एकूण लोखंड जवळपास तेवढंच लागतं, म्हणजे वजन काही वाचत नाही, उलट एक वॉल्व्ह, पायपिंग आणि ब्रॅकेट वाढलं. शिवाय मागून कुणी ठोकलं तर सिलिंडर जागचा हलता कामा नये, म्हणजे मागचा सांगाडा त्या हिशोबानं भक्कम करावा लागला. इंजिनात काही क्रांती नाही, सगळी हुशारी जागेत. आणि ती हुशारी चालली म्हणायची, कारण २०२४ मध्ये ह्युंदाईनं एक्स्टरला दोन सिलिंडर दिले आणि २०२५ मध्ये खुद्द मारुतीनं व्हिक्टोरिसला टाकी गाडीच्या खाली नेली. फक्त एक गोष्ट शोरूमवाला आपणहून सांगत नाही, सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन मजबुतीची तपासणी, दर ३ वर्षांनी असते, आणि इथं सिलिंडर दोन आहेत.

पण मग मारुतीचे इंजिनिअर झोपलेत का, तर अजिबात नाही, त्यांचं काम बॉनेटखाली आहे म्हणून फोटोत दिसत नाही. २०२४ च्या स्विफ्टला जुनं चार सिलिंडरचं के-सिरीज इंजिन काढून तीन सिलिंडरचं झेड१२ई इंजिन आलं (हे इंजिनातले सिलिंडर, गॅसचे नव्हे). एक सिलिंडर कमी म्हणजे घासणारे भाग कमी, त्यात गाडी मुळातच हलकी, त्यामुळं कंपनीचा आकडा किलोला ३२.८५ किमी, पंचचा २६.९९. दोन्ही आकडे कागदावरचे, आपल्या रस्त्यांवर खालीच येणार, पण दोघांमधला फरक कागदावरचा नाही. रोज निपाणी-कोल्हापूर अप-डाऊन करणाऱ्याला महिन्याच्या शेवटी तो खिशात दिसतो.

सीएनजीला पॉवर पडते ती दोघांचीही पडते, गॅस हवेची जागा खातो त्याला कोण काय करणार. पंच ८८ वरून ७३.५ पीएसवर (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) येते, स्विफ्ट ८२ वरून ७० च्या आसपास. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, जवळजवळ सारखा, १०३ आणि १०१.८ एनएम, पण स्विफ्टचा २९०० आरपीएमलाच मिळतो आणि ओढायला अंग कमी. वंटमुरी चढताना एसी लावून तिसऱ्यात ती निवांत ओढते, पंचला मी दोनदा विचार करून गिअर टाकत होतो. जांबोटीच्या पुढं रस्ता खराब झाला की मात्र पंचचा जमिनीपासूनचा १८७ एमएमचा क्लिअरन्स, स्विफ्टचा १६३, तिथं वाद संपला.

चालू करताना आणखी एक फरक कळतो. पंच थेट सीएनजीवर चालू होते, पेट्रोल आणि गॅस दोन्ही एकच ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बघतो. मारुतीत दोन ईसीयू, गाडी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जाते. खडेबाजार, गणपत गल्ली असं दिवसभर चालू-बंद करत फिरणाऱ्याला थेंब थेंब पेट्रोल जातंच. गॅस भरायचं झाकण उघडलं की पंच चालूच होत नाही, बारीक स्विच आहे, पंपावर लायनीत घाई करणाऱ्यांसाठी हे बरं केलं.

एएमटीची, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सची, तर गंमतच. भारतात हा गिअरबॉक्स २०१४ मध्ये सेलेरिओतून मारुतीनं आणला, पण सीएनजीला पहिल्यांदा जोडला टाटानं, २०२४ मध्ये टियागो-टिगोरला. मूळ सामान दोघांचंही मॅग्नेटी मारेलीचं! आणि भांडणाऱ्यांना आठवण म्हणून, एकेकाळी डिझेल स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट दोन्हीत फियाटचंच १२४८ सीसीचं इंजिन होतं. तेव्हा पण टपरीवर असंच भांडण, अमक्याचं इंजिन भारी म्हणून.

सेफ्टीत टाटा पुढं होती, नेक्सॉननं २०१८ मध्येच ग्लोबल एनकॅप या गाड्या ठोकून सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेचे ५ स्टार आणले, पंचनं २०२१ मध्ये. मारुतीला पहिले ५ स्टार नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरनं दिले. उशिरा, पण आले.

मला विचाराल तर नवीन काहीतरी करून दाखवल्याचे मार्क टाटाला, इंजिनचे मारुतीला. आमच्या घरात माणसं आणि सामान जास्त, खानापूर बाजूला जाणं-येणं, म्हणून आमचं पंचवर ठरत आलंय. एकटादुकटा हायवेला पळणारा असेल त्यानं डोळे झाकून स्विफ्ट घ्यावी. टेस्ट ड्राइव्हला गेलात की बटण सीएनजीवर आहे का ते आधी बघा, चार माणसं बसवा, एसी लावा आणि शोरूमच्या मागच्या सपाट रस्त्याऐवजी घाटात घेऊन चला म्हणा. सेल्समन थोडं तोंड वाकडं करतो, पण नेतो.