त्या न्यायाधीशाला सांगितलं कोणी?

रॉबर्ट कोल्स यांचं ‘द स्टोरी ऑफ रूबी ब्रिजेस’ हे मुलांचं चित्रपुस्तक मी लेकीसाठी जुन्या पुस्तकांतून स्वस्तात उचललं. विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात मधली पानं निखळली. भांडून अर्धे पैसे परत मिळवले, चिकटपट्टी मारली नि वापर सुरू.

गोष्ट खरी घडलेली: १९६०, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स, गोऱ्यांच्या शाळेत मार्शलांच्या (केंद्र सरकारच्या पोलिसांच्या) मधून चालत जाणारी सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी, बाहेर ओरडणारा गोऱ्यांचा जमाव, वर्गात ती आणि शिक्षिका मिसेस हेन्री दोघीच. जॉर्ज फोर्ड यांची चित्रं झकास. लेक रोज रात्री हेच मागायची. मीही खूश होतो.

मग ती एका वाक्यावर अडली. न्यायाधीश चार कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्यांच्या शाळांत पाठवायचा हुकूम देतात. “पण बाबा, त्यांना सांगितलं कोणी?”

पुस्तकात उत्तर नाही. न्यायाधीशांना काय साक्षात्कार झाला? ए. पी. टुरो या कृष्णवर्णीय वकिलाने १९५२ मध्ये खटला घातला होता. १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तरी न्यू ऑर्लिन्स ज्यात येतं त्या लुइझियाना राज्याचं सरकार अडून बसलं. यातली एक ओळही मावली नसती? उलट रूबीने जमावासाठी केलेली प्रार्थना हा गोष्टीचा कळस. पोर सोशिक आहे हो, पण कोर्टात खेटे घालणारे गेले कुठे? शेवटी टुरोंचं नाव चिठ्ठीवर लिहून त्या पानावर मीच चिकटवलं.

नंतर वाचनालयातून डंकन टोनाटियू यांचं ‘सेपरेट इज नेव्हर इक्वल’ आणलं आणि माझा पहिला नंबर बदलला. इथे कॅलिफोर्नियातली, मेक्सिकन वंशाच्या घरातली सिल्व्हिया मेंडेझ आहे. आत्या सगळ्या मुलांची नावं घालायला शाळेत जाते. तिच्या उजळ रंगाच्या, विदॉरी आडनावाच्या मुलांना प्रवेश. भावाच्या सावळ्या मेंडेझ मुलांनी मात्र मेक्सिकन मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेत जावं! रंग नि आडनाव बघून दार उघडायचं की नाही ते ठरतं, हे आपल्या घरात वेगळं समजवावं लागत नाही. मग वडील गोन्झालो इतर पालकांना जोडतात, वकील गाठतात आणि १९४७ ला अपिलातही जिंकतात. “सांगितलं कोणी” याचं उत्तर पानोपानी आहे.

चित्रांत माणसं सगळी एका बाजूने काढलेली, मेक्सिकोतल्या मिश्टेक या मूळ रहिवाशांच्या जुन्या चित्रांसारखी. लेकीला आधी हसू आलं, आता ती तशीच काढते.

मजकूर मात्र भरपूर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला रूबीच द्या, हे आठव्या-नवव्या वर्षी. नवी प्रत महाग वाटली, म्हणून आम्ही वाचनालयाचीच मुदत वाढवत बसतो. कोर्टाची पानं तेवढी रात्री घेऊ नका. लेक जागी राहते, मीच पेंगतो.