लॅपटॉपची बॅटरी बदलू की नको? बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानाचा माझा अनुभव

माझा लॅपटॉप 2019 चा. खानापूर तालुक्यात राहते, घरातनंच हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. आमच्याकडं पाऊस सुरू झाला की हेस्कॉमची (आमची वीज कंपनी) लाईट कधी जाईल आणि कधी येईल कुणीच सांगू शकत नाही, लाईनवर झाड पडलं तर दुसरा दिवस पण उजाडतो. गेल्या जुलैत 20 तारखेला, म्हणजे रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, लाईट गेली, बॅटरी 27 टक्के दाखवत होती म्हणून मी निवांत होते आणि ओटीपी टाकता टाकता लॅपटॉप धाडकन बंद. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर काम उरकलं, खरं तेव्हापास्नं डोक्यात एकच, बॅटरी बदलायची का लॅपटॉपच नवीन घ्यायचा का असंच चार्जर लावून चालवायचं.

आधी काय करायचं ते सांगते, ह्याला पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचं आणि पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाईप करायचं, एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात दोन आकडे बघायचे, डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. माझी कंपनीतनं आली तेव्हा 41 हजारच्या वर मिलीवॅट अवर होती, आता पूर्ण चार्ज केली तरी 17 हजार 900, म्हणजे निम्मी पण नाही. आणि सायकल काऊंट, म्हणजे बॅटरी पूर्ण वापरून परत भरायच्या फेऱ्या, 611. लिथियमची बॅटरी साधारण 300 ते 500 सायकलमध्ये 80 टक्क्यांपर्यंत उतरते असं धरतात, म्हणजे माझ्या बॅटरीनं तिचं काम करून झालेलं.

तरी मी बदलणार नव्हते, खरं सांगते. दिवसभर टेबलावर चार्जर लावूनच काम असतं, राऊटरला छोटा यूपीएस आहे, मग लॅपटॉपला पण एक मोठा यूपीएस घेऊ म्हंटलं. आणि भावाचा अनुभव समोर होता, त्यानं त्याच्या लॅपटॉपला ऑनलाईन स्वस्तातली बॅटरी मागवली, स्टिकरवर आकडा मोठा, रिपोर्ट काढला तर पहिल्याच दिवशी दोन तृतीयांश पण भरत नव्हती, चार महिन्यांत ती पण गेली आणि परत घ्यायची मुदत तर दहाच दिवसांची होती.

बेळगावला दुसऱ्या कामासाठी गेले होते तेव्हा खडेबाजारात जिन्याखाली एक लॅपटॉप रिपेअरचं दुकान आहे, तिथं सहज विचारलं. मी मॉडेल सांगून किंमत विचारली तर तो म्हणाला, "अक्का, किंमत नंतर सांगतो, आधी उघडून बघू, नको असली बदलायला तर नको म्हणून सांगतो." उघडायचे 200 रुपये, बदलली तर ते पण नाहीत. माझ्यासमोरच उघडला. स्क्रू काढून बशीत टाकले नाहीत, एका कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवला, कारण मागचे दोन लांब असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर वर कीबोर्डला लागतोय म्हणाला. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग बाकीचं. बॅटरी काउंटरच्या काचेवर ठेवली आणि एका कोपऱ्यावर हलकं बोट टेकवलं तर पाळण्यासारखी हलली. मधे फुगलेली! टचपॅडचं क्लिक दोन महिन्यांपास्नं घट्ट लागतंय ते का, हे मला तिथं कळलं, खालनं बॅटरी दाबत होती.

माझा निर्णय तिथंच झाला. कमी टिकणारी बॅटरी चार्जर लावून कितीबी दिवस चालवा, खरं फुगलेली आत ठेवून दिवसभर चार्जिंगला लावणं म्हणजे घरात धोका, आणि ही फूग रिपोर्टमध्ये कुठंच दिसत नाही. 27 टक्क्यांवर बंद का पडायचा ते पण त्यानं सांगितलं, सेल जुने झाले की आतला रेझिस्टन्स वाढतो, एकदम लोड आला की व्होल्टेज खाली बसतं, टक्के नुसते दाखवायला.

नवीन लॅपटॉप का नाही घेतला? माझा प्रोसेसर इंटेलचा आठव्या जनरेशनचा आहे, विंडोज 11 चालतं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, सातव्या किंवा त्याच्या खालच्या जनरेशनचा असता तर मी त्यावर तीन हजार घातले नसते.

बॅटरी लगेच मिळाली नाही, चार दिवस थांबावं लागलं, परत खानापूरहून एक फेरी. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर बघूनच मागवली, लॅपटॉपच्या मॉडेलवरनं नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या येतात. 2,900 रुपये घेतले, सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून दिली, खरं बिल मागितल्यावर दिलं, स्वतःहून नाही, हे मला आवडलं नाही. बसवल्यावर तिथंच उभं राहून रिपोर्ट काढायला लावला, 40 हजारच्या वर आणि सायकल 1. तुम्ही पण तिथंच काढा, घरी येऊन नको. आता चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग लावलंय, पावसाचं वातावरण दिसलं की तेवढ्यापुरतं 100 करते.

फुगलेली त्यांनी वाळूच्या डब्यात ठेवून घेतली, ई-वेस्टवाल्याला देतात म्हणे. घरी असली फुगलेली कुणाकडं तर टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या गाडीत पण टाकू नका. दुकान रविवारी बंद असतं, आणि गाडी बाजारात नेऊ नका, लावायला जागाच मिळत नाही.