लिमा ते उयुनी बसने: रात्रीची महाग घ्या, दिवसाची स्वस्त चालते

पेरू-बोलिव्हिया करून आल्यापासून ठाण्यातल्या आमच्या ट्रेकवाल्या मंडळींचा एकच प्रश्न चाललाय, की बाबा तिकडे बसने फिरणं झेपतं का, सेफ आहे का, की सरळ विमानाने कुस्को गाठायचं आणि माचू पिचू बघून परत यायचं. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहितोय. आम्ही चौघं होतो, मी, वर्तकनगरचा मन्या, ऐरोलीची स्नेहल आणि तिचा नवरा केदार, आणि अँडीजमधला सगळा प्रवास बसनेच केला. त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही, त्या अख्ख्या बस सिस्टिमचा आहे.

आधी रूट, कारण निम्मे लोक तिथेच फसतात. लिमावरून कुस्कोला डायरेक्ट बस आहे, वीस-बावीस तास, नाझ्कापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने आणि मग डावीकडे वळून पुकियो, अबानकाय करत डोंगरात. ती घेऊ नका. लिमा समुद्राला लागून, कुस्को ३,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुप्पट, आणि मधे ती बस ४,००० च्या वर जाऊन परत खाली उतरते, परत चढते. एवढं एका दमात चढलं की डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही, आणि त्यात तो घाट म्हणजे कंडक्टर आधीच प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटून ठेवतो. विमानाने गेलात तर तेच सगळं सव्वा-दीड तासात होतं, शरीराला कळतसुद्धा नाही काय झालं ते. त्यापेक्षा लिमा ते अरेकिपा (२,३३५ मीटर), तिथे दोन-तीन रात्री आरामात, मग कुस्को, मग पुनो (३,८२७), मग टिटिकाका तलावाच्या कडेने बोलिव्हिया. डॉक्टर लोकांचा जो नियम आहे, की ३,००० च्या वर रोज रात्रीचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, तो पूर्ण पाळला जात नाही या रूटवर, पण निदान मधे एक पायरी तरी मिळते. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

लिमा-अरेकिपा आम्ही क्रूझ देल सुर या बस कंपनीने केलं, आणि ह्याला मी पाचपैकी साडेचार देतो. हजारएक किलोमीटर, पंधरा-सतरा तास. बॅग काउंटरवर द्यायची, ती टॅग लावून आत घेतात आणि अर्धा तुकडा तुमच्या हातात देतात, तो दाखवल्याशिवाय उतरताना बॅग मिळत नाही. तिकिटावर पासपोर्ट नंबर असतो, चढताना बघतात. काही कंपन्यांत तर बस सुटायच्या आधी एक माणूस हँडीकॅम घेऊन प्रत्येकाच्या तोंडाचं शूटिंग करत जातो, मन्याने त्याला हात हलवून दाखवला तर तो अजिबात हसला नाही. हा सगळा कारभार चोरी आणि लुटालुटीच्या भीतीने सुरू झालेला आहे, त्यामुळे वैतागू नका.

सीटचं गणित सोपं आहे. १४० म्हणजे पाठ १४० अंशांपर्यंत मागे जाते, ही साधारण वरच्या मजल्यावर असते. १६० म्हणजे जवळजवळ आडवं, ही बहुतेक खालच्या मजल्यावर, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी रुंद सीट, माणसं कमी, आवाज कमी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाटात खालचा मजला वरच्यापेक्षा कितीतरी कमी हेलकावतो. रात्रीच्या प्रवासाला १६० च घ्या, पैसे बघू नका, हॉटेलची एक रात्र वाचतेच आहे. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात पुढच्या सीट, ज्या पॅनोरामिक म्हणून मस्त वाटतात, त्या दिवसा घ्या. रात्री तिथे समोरच्या ट्रकचे लाईट डोळ्यात येतात आणि ड्रायव्हर काय ओव्हरटेक करतोय ते सगळं दिसतं, जे न दिसलेलंच बरं. पेरूत निदान ह्याबाबतीत नियम कडक आहेत, दिवसा सलग पाच तासांपेक्षा आणि रात्री चार तासांपेक्षा जास्त एका ड्रायव्हरने चालवायचं नाही, म्हणून लांबच्या बसला दोघे असतात. बऱ्याच गाड्यांत आत स्पीडचा डिस्प्ले पण असतो, ९० च्या वर गेलं की लोक ओरडू शकतात. केदार पहिली रात्रभर त्या आकड्याकडेच बघत बसला होता.

लिमावरून शक्यतो दुपारी निघणारी बस घ्या आणि उजवी खिडकी, समुद्र त्या बाजूला. बाकी वाळवंट, मैलोन्‌मैल काही नाही, आणि मधेच एकदम हिरवं शेत. नाझ्काच्या रेषांमधून, म्हणजे वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्राचीन, प्रचंड मोठ्या आकृत्यांमधून, हा हायवे जातो, सरड्याची एक आकृती आहे ती रस्त्याने चक्क कापलीय, पण रात्रीच्या बसमधून त्यातलं काहीच दिसणार नाही, तिथे बघायचं असेल तर मुद्दाम उतरायला लागतं.

व्हेज लोकांसाठी. स्नेहल शुद्ध शाकाहारी, तिने बुकिंगच्या वेळी व्हेज टाकलं तेव्हा बसमध्ये बरोबर मिळालं, पण टर्मिनलवरच्या आणि रस्त्यावरच्या हॉटेलात नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) सांगून भागत नाही, चिकन येतं ताटात, कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, चिकन, मासे नकोत, असं तिन्ही सांगायचं. सूप बाहेरून व्हेज दिसलं तरी बहुतेक हाडांच्या पाण्यातलं असतं. बटाटा मात्र कुठेही मिळतो, हजारो जाती आहेत, मूळ गावच ते त्याचं. गोखले रोडवरून नेलेली चकली आणि मेतकूट शेवटपर्यंत पुरवलं आम्ही. हो, चिवड्याची सीलबंद पाकिटं उंचीवर टम्म फुगतात आणि शाम्पूची बाटली उघडली की फवारा येतो, बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

कुस्कोबद्दल जास्त लिहीत नाही, सगळीकडे आहे. माचू पिचूला ट्रेन परवडत नसेल तर कुस्कोवरून व्हॅनने इद्रोएलेक्त्रिका, जिथे रस्ता संपतो, सहा-सात तास, मधे ४,३१६ मीटरची आब्रा मालागा खिंड, आणि मग रुळांच्या कडेने दहाएक किलोमीटर चालत आग्वास कालियेन्तेस, म्हणजे माचू पिचूच्या पायथ्याचं गाव. चालणं एकदम मस्त, जंगल, नदी, सपाट रस्ता. व्हॅनला मात्र पाचपैकी दीड, आमचा ड्रायव्हर दरीच्या कडेने फोनवर बोलत चालवत होता आणि पाठीमागे मन्या रामरक्षा म्हणत होता, कंपनीचं नाव घेत नाही, तशा डझनभर आहेत. माचू पिचूचं तिकीट आधी ऑनलाईन काढा. आणि ते २,४३० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा खाली, त्यामुळे तिथे बरं वाटतं, दम लागतो तो पायऱ्यांनी.

आता माझा आवडता टप्पा, कुस्को-पुनो. इथे दोन प्रकारच्या बस. एक टुरिस्ट बस, गाईड, जेवण, मधे अंदावाइलियासचं चर्च, राक्चीचं विराकोचा या इंका देवाचं देऊळ, ला राया खिंड (४,३३५ मीटर), पुकारा असं थांबत थांबत संध्याकाळपर्यंत. दुसरी साधी, टर्मिनलवरून सुटणारी, भाडं कितीतरी कमी. आमच्यात एकमत होईना म्हणून दोन गट केले, स्नेहल आणि मी टुरिस्टवाली, मन्या-केदार साधी. संध्याकाळी पुनोला भेटल्यावर त्यांचंच जास्त ऐकायला मिळालं. त्यांच्या बसमध्ये सिकुआनीला बायका चढल्या, मोठाल्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि सोबत चीजचा तुकडा विकायला, चोक्लो कोन केसो म्हणतात, मन्याने दोन खाल्ली. मग एक टाय लावलेला माणूस चढला, उभं राहून वीसेक मिनिटं भाषण दिलं, किडनी, लिव्हर, बायको, सगळ्यावर बोलला आणि शेवटी माका नावाच्या तिकडच्या कंदाची पावडर काढली. केदारला स्पॅनिश ओ की ठो येत नाही, तरी त्याने एक पाकीट घेतलं. हे सगळं टुरिस्ट बसमध्ये नाही मिळत. राक्ची मात्र बघण्यासारखंच आहे, खाली इंका दगड आणि वर मातीच्या विटांची ती उंच भिंत, शेजारी धान्याच्या गोल कोठारांच्या रांगाच रांगा, इंजिनियर असाल तर तासभर हलणार नाही. तरी माझं मत साध्या बसलाच. दिवस आहे, रस्ता चांगला आहे, झोपायचं नाहीये, मग जास्त पैसे कशाला.

फक्त एक, साध्या बसमध्ये छोटी बॅग वरच्या रॅकवर किंवा सीटखाली नाही, मांडीवर, पट्टा पायाला गुंडाळून. झोप आली तरी. टॉयलेट असलं तर ते फक्त एक नंबरसाठी, दारावर तसं लिहिलेलं असतं, आणि बोलिव्हियात तर बहुतेक वेळा कुलूपच.

पुनोवरून कोपाकबानाला तीनेक तास, डावी खिडकी धरा, टिटिकाका सगळा त्या बाजूला. कासानीला बॉर्डर. खाली उतरा, पेरूचा एक्झिट शिक्का, चालत पलीकडे, बोलिव्हियाचा शिक्का, परत बसमध्ये. घड्याळ एक तास पुढे करा, कारण बोलिव्हिया पेरूच्या एक तास पुढे आहे आणि पुढची बस चुकायचं हे कॉमन कारण आहे. व्हिसाचं सांगायचं तर, वैध अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन किंवा शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना २०१७ पासून पेरूला वेगळा व्हिसा लागत नाही, त्या व्हिसाची मुदत सहा महिने तरी उरलेली पाहिजे. बोलिव्हियाचं वेगळं, त्यांची एम्बसी दिल्लीत आहे, निघायच्या बरंच आधी विचारून घ्या.

कोपाकबाना-ला पाझमध्ये एक प्रकार होतो तो कुणी आधी सांगत नाही. टिकिनाला रस्ता संपतो, तलावाची सामुद्रधुनी आडवी येते, आणि पूल नाही. सगळ्यांना खाली उतरवतात, तुम्ही तिकीट काढून लाँचने पलीकडे आणि तुमची बस, तुमच्या बॅगांसकट, एका लाकडी तराफ्यावर डुलत डुलत येते. आम्ही पलीकडच्या काठावर उभं राहून आपल्या सामानाकडे बघत होतो. तिथेच बोलिव्हियन नौदलाचा तळ आहे, समुद्र नसलेल्या देशाचं नौदल, किनारा १८७९ च्या युद्धात चिलीकडे गेला तरी त्यांनी १९६३ मध्ये आरमार परत उभं केलं. ह्या टप्प्याला पाचपैकी पाच, बस कशीही असो.

ला पाझच्या टर्मिनलवर गेल्यावर मात्र घरी आल्यासारखं वाटलं. काउंटरबाहेर उभं राहून ‘ओरुरो-ओरुरो-ओरुरो’, ‘कोचाबांबाआआ’ अशा आरोळ्या, अगदी तीन हात नाक्यावर ‘पुणे पुणे पुणे’ करतात तश्शाच, आणि हात धरून ओढणं पण तसंच. तिकिटाशिवाय टर्मिनलची वेगळी फी असते, ती दुसऱ्या खिडकीवर भरून स्टिकर घ्यायचा, नाहीतर गेटवरून परत पाठवतात, पेरूतल्या बऱ्याच टर्मिनलवर पण हेच. सुट्टे पैसे खिशात ठेवा. शहरात फिरायला ‘मी तेलेफेरिको’ नावाचा रोपवे, २०१४ मध्ये सुरू झालेला, मेट्रोसारख्या रंगीत लाइन्स, खाली दरीतलं शहर आणि वर ४,००० मीटरवरचं एल आल्तो. गर्दीच्या वेळी लोक ऑफिसला चालले असतात त्यात आणि खिडकीत इयिमानी शिखराचा बर्फ. आपल्या घोडबंदर रोडवाल्यांनी हे बघून रडायचं फक्त.

आणि सगळ्यात वाईट टप्पा, ला पाझ-उयुनी, रात्रीची बस. रस्ता चांगला आहे, डांबरी, पण आम्ही ज्या कंपनीची घेतली तिने हीटर आहे सांगून पैसे घेतले आणि हीटर नव्हता किंवा लावला नाही, जुलैची रात्र, तिकडचा कडक हिवाळा, काचेला आतून बर्फ धरला होता आणि थर्मल सगळे बसच्या पोटात बॅगेत. ड्रायव्हरच्या केबिनचं दार वाजवलं तर आतून उत्तर नाही. पाचपैकी शून्य. तुम्ही जाल तेव्हा थर्मल, टोपी, हातमोजे आणि जमलं तर स्लीपिंग बॅग सीटवरच घ्या, आणि हीटरचा प्रश्न काउंटरवर नाही, आदल्या दिवशी त्याच बसने आलेल्या लोकांना विचारा, होस्टेलमध्ये कुणीतरी भेटतंच. बस पहाटे पोचते, अंधारात, तेव्हा उघडं असलेलं कुठलंही कॅफे गाठा. ज्यासाठी सगळे उयुनीला येतात ते मीठाचं वाळवंट नंतर.

सीझनचं, मे ते सप्टेंबर कोरडा, म्हणजे आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे पाऊस, दरडी कोसळतात, फेब्रुवारीत माचू पिचूला चालत जायचा इंका ट्रेल तर बंदच असतो. आणि बोलिव्हियात रास्ता रोको कधीही होतो, ब्लोकेओ म्हणतात, दगड टाकून हायवे बंद, बस मागे फिरते. परतीच्या विमानाच्या आधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

बुकिंगचं एक गंमतशीर, पेरूत आपलं रेडबस चालतं, तेच लाल ॲप, फक्त भाडं सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, सीट निवडता येते, १४०-१६० दिसतं. बोलिव्हियात मात्र टर्मिनलवर जाऊन काउंटरवरच घेतलेलं बरं, बस डोळ्याने बघता येते. कोकाच्या पानांचा चहा तिकडे हवा तेवढा प्या, पानं परत आणू नका, आपल्याकडे गुन्हा आहे. यलो फिव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, पेरू-बोलिव्हियावरून आलात की मुंबई एअरपोर्टवर मागतात, नसेल तर क्वारंटाईन.