अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन : अकरा महिने आणि १४,००० किलोमीटरनंतर

माझी आधीची गाडी बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिनाची होती आणि ती मी बारा वर्षे वापरली. त्यामुळे ब्लॉक (इंजिनाचे मुख्य धड) आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे असलेली पेट्रोल गाडी घेताना मनात धाकधूक होती. १४,००० किलोमीटरवर टिकाऊपणाचा निकाल देणे घाईचे ठरेल. पण हे इंजिन काय खपवून घेते आणि काय नाही, याचा अंदाज मला आता आला आहे.

वजनाचा फायदा खरा आहे. एका घन सेंटिमीटरला बीड सुमारे ७.२ ग्रॅम भरते, तर अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम. मात्र ते बिडाइतके कणखर नसल्याने भिंती जाड ठेवाव्या लागतात, आणि त्यामुळे प्रत्यक्षातली बचत या आकड्यांइतकी मोठी नसते. वळणावर गाडीचे तोंड चटकन फिरते आणि ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग पूर्वीइतका खाली बसत नाही. त्यात नव्या सस्पेन्शनचाही वाटा असणार. इंजिन लवकर गरम होते, याचे श्रेयही मी सुरुवातीला धातूलाच देत होतो. पण तेवढ्याच वजनाच्या अ‍ॅल्युमिनियमला तापायला बिडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता लागते, हे लक्षात आल्यावर तो दावा मी मागे घेतला.

खरा धडा मिळाला तो ऑइल बदलताना. पहिल्या वेळी कारागिराने ड्रेन प्लग (जुने ऑइल काढण्याच्या भोकाचा बोल्ट) हवेच्या गनने आवळला होता. दुसऱ्या वेळी तो काढला, तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये चांदीच्या तारेसारखी बारीक वेटोळी अडकलेली दिसली. ते ऑइल पॅनचे आटे होते. या गाडीचे पॅनही अ‍ॅल्युमिनियमचे आहे. पोलादी प्लग शाबूत राहिला आणि त्याच्यापेक्षा मऊ असलेले पॅन सोलले गेले. भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडले आणि स्प्रिंगसारखी पोलादी गुंडाळी बसवली, तेव्हा गळती थांबली. तेव्हापासून टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते मोजणारा पाना) घेऊन मी स्वतः समोर उभा राहतो आणि वॉशर दर वेळी नवा घालायला लावतो.

तापमानाच्या बाबतीत तर हे इंजिन अजिबात भिडस्त नाही. जुन्या गाडीचा काटा दोनदा लाल पट्ट्यात गेला होता आणि थंड पाणी ओतून मी तसाच पुढे निघालो होतो. इथे तसे धाडस करणार नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळते ६६० अंश सेल्सियसला, पण गोष्ट तिथवर जावीच लागत नाही. दोनशे अंशांच्या पुढे या मिश्रधातूंची ताकद उतरू लागते, आणि उष्णतेने ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्यामुळे अतितापलेले हेड वाकते आणि गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) हार मानते. सातव्या महिन्यात कूलंटची पातळी दोन बोटे उतरलेली दिसली. होजच्या क्लॅम्पखाली गुलाबी, वाळलेला थर जमला होता. क्लॅम्प घट्ट करण्याने काम भागले, पण टाकीत नळाचे पाणी मात्र मी घातले नाही. अ‍ॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवणारी रसायने कूलंटमध्ये असतात, आणि साध्या पाण्याने ती पातळ होत जातात.

ज्यांना अ‍ॅल्युमिनियमवर भरवसा नाही, ते १९७१ च्या शेवरोले ‘वेगा’ या गाडीचा दाखला देतात. त्या गाडीच्या ब्लॉकमध्ये सुमारे १७ टक्के सिलिकॉन होते आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती आतली वेगळी नळी) नव्हते. इंजिन तापले की ब्लॉकचा आकार बिघडे आणि गाडी ऑइल पिऊ लागे. गंमत म्हणजे तिचे हेड बिडाचे होते. माझ्या इंजिनात बिडाचे लायनर आधी साच्यात ठेवून त्यांच्याभोवती अ‍ॅल्युमिनियम ओतलेले आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आजही बिडावरच घासतात. ऑइल आतापर्यंत एकदाही वरून घालावे लागलेले नाही.

स्पार्क प्लग काढायचे काम मात्र रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे लागते, कारण गरम हेडमधून प्लग काढताना हेडचे आटेही त्याच्याबरोबर निघून येण्याची भीती असते. कारागिराला याचा कंटाळा येतो. मला, ती चांदीची वेटोळी पाहिल्यापासून, येत नाही.