जळालेली फर ‘पूर्ववत’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

फरसूट, म्हणजे कृत्रिम फरचा अंगभर घालायचा प्राण्याचा पोशाख, धुवायला बाहेर देणार असाल, तर आधी हे वाचा. थंड पाणी, सौम्य साबण, हाताने धुलाई आणि पंख्याखाली वाळवण, एवढं सगळं धुलाईवाल्याने माझ्याजवळ स्वतःहून कबूल केलं होतं. पैसेही त्याच हिशेबाने जास्त घेतले. सूट परत आला तो घट्ट बांधलेल्या पिशवीतून, अत्तराचा वास मारत आणि नव्यापेक्षाही चकचकीत.

ती चकाकी सिलिकॉनच्या स्प्रेची होती. वापरता वापरता ती उतरली आणि खरा प्रकार दिसला. पाठीवरचे केस काथ्यासारखे खरखरीत, टोकं आखडून एकमेकांना चिकटलेली. कृत्रिम फर म्हणजे ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे धागे, शेवटी प्लास्टिकच. गरम ड्रायरमध्ये सगळ्यात आधी टोकं होरपळतात, कारण ती बारीक असतात आणि बाहेर असतात. माझ्या सूटच्या बगलेतली, घड्यांत दडलेली फर मऊच राहिली होती. पंजांच्या नख्या चिकटवलेला हॉट ग्लू, म्हणजे वितळवून लावायचा गोंद, तोसुद्धा मऊ होऊन सरकला होता. थंड पाण्याने ग्लू सरकत नाही. त्याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे जास्त बिघडलेल्या जागी केस कातरून टाकले होते. मोजले तर शेजारच्या केसांपेक्षा ते आखूड भरले.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं: फरच हलकी आहे, जुनी झाली आहे. सूट शिवताना उरलेला त्याच फरचा तुकडा मी समोर ठेवला. तो अजून रेशमी होता. मग सूर बदलला. “आमच्याकडे खास ट्रीटमेंट आहे, केस पूर्ववत होतात,” आणि त्याचे पैसे वेगळे! ही दुसरी फसवणूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा वाईट. गुंता झालेली फर स्लिकर ब्रशने (बारीक तारांच्या ब्रशने) सुटते, पण वितळून चिकटलेली टोकं कुठल्याही कंडिशनरने सुटत नाहीत. ती कापावी लागतात, नाहीतर तेवढा भाग बदलावा लागतो.

सूट देताना एकच प्रश्न नीट विचारा: वाळवणार कसा? जाड फर गार वाऱ्यावर वाळायला बराच वेळ घेते. “संध्याकाळी घेऊन जा” असं कोणी म्हणालं, तर तिथे उष्णता वापरली जाणार हे धरून चाला. ‘ड्रायर, वाफ, इस्त्री नाही’ हे पावतीवर लिहून घ्या. देण्याआधी केसांवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि फोम आणि ग्लूने बनवलेलं सूटचं डोकं तर देऊच नका, ते घरीच हाताने पुसा. परत घेताना पिशवी तिथेच उघडा, सुगंध-चकाकीकडे दुर्लक्ष करा आणि लवीच्या उलट दिशेने हात फिरवा. बोटांना खरखर लागली तर बाकीचे पैसे देऊ नका.

माझे पैसे अजून मिळालेले नाहीत. पाठीचा भाग उसवून नवी फर लावावी लागणार आहे.